एक खोली, एक पलंग

सुट्टीला कुठं जायचं हे विचारायला मला आता फोन येतात. मिरजेचे, कराडचे, वाईचे, कधी पार पुण्याचे. आवाज तरुण असतो आणि सुरुवात ठरलेली: "दादा, तुमचा नंबर मित्राकडनं मिळाला. आम्ही दोघं आहोत." त्या 'दोघं'वर पोरगं जरा अडखळतं, त्यावरून मी ओळखतो. मग मी विचारतो, थंडी पाहिजे की समुद्र, मटण चालतं की नाही, आणि खोटं बोलायची सवय किती आहे. शेवटच्या प्रश्नाला पलीकडचं पोरगं हसतं. मी काही चेष्टा करत नसतो. आमच्या सातारा-सांगलीकडं दोन पुरुषांना खोली मिळायला काहीच अडचण नाही. खोलीबरोबर जे खोटं बोलावं लागतं ते झेपेल का, एवढंच आधी बघावं लागतं.

एखादा पोरगा पोरीला घेऊन लॉजवर गेला तर काउंटरवरचा माणूस न्यायाधीश होतो. कार्ड बघतो, आडनावं जुळवतो, मंगळसूत्र शोधतो. दोन बाप्ये गेले की तोच माणूस "या साहेब" म्हणून किल्ली पुढं करतो. कारखान्याच्या कामाला आलेत, कुणाच्या तरी लग्नाला आलेत, एका खोलीत भागवतायत, शहाणी माणसं आहेत. आमच्या भागातल्या काटकसरीनं आमच्यासारख्यांचं जेवढं भलं केलंय तेवढं कुणी केलेलं नाही. पण किल्ली हातात पडताना प्रश्न येतोच. पाव्हणं, कुठलं तुम्ही? दोघं एकाच गावचं का? हे कोण तुमचं?

त्याला आमचं एक उत्तर तयार होतं. मामेभाऊ.

हे उत्तर मी शोधून काढलेलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. चुलतभाऊ म्हटलं तर आडनाव एक लागतं. मित्र म्हटलं तर माणसं डोळे बारीक करतात, चाळिशी ओलांडलेल्यांना घरदार सोडून मित्राबरोबर फिरायला फावतं कसं म्हणून. मामेभावाचं आडनाव वेगळं, गाव वेगळं, आणि जिव्हाळा मात्र गृहीत. शिवाय आमच्याकडं मामाची पोरगी करून आणायची रीत आहे. मामाच्या घरातलं माणूस आपलंच, याला कुणाची हरकत नसते. खोटं बोलायचंच तर खऱ्याच्या शेजारचं बोलावं, असं माझं मत.

मी कुंडलचा. घरचा ऊस भाऊ बघतो आणि मी सांगलीत ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान चालवतो. माझा जोडीदार माण तालुक्यातला, दहिवडीच्या पुढचा. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. तो एकटा फौजेत गेला. एकदा सुट्टीवर आला असताना भावाच्या डाळिंबासाठी नळ्या घ्यायला माझ्या दुकानात आला आणि नळीच्या मापावरून माझ्याशी भांडला. माझ्याशी भांडून जिंकणारी माणसं फार नाहीत. मी त्याला चहा पाजला. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक सुट्टीचे दोन वाटे झाले, एक गावाला आणि एक मला. माझा वाटा आम्ही कोल्हापूर, रत्नागिरी, महाबळेश्वर असा ठिकठिकाणच्या लॉजवर मामेभाऊ म्हणून खर्च केला.

मग तो पेन्शनवर आला. मला वाटलं, आता माझं भाग्य उजळलं. पण तो आठवडाभर सांगलीत राही आणि आठवडाभर गावाला. गावाला भावानं त्याच्यासाठी नवी खोली बांधली होती. आई म्हणत होती, पेन्शन चालू झालीय, अजून बी एखादी पोरगी मिळंल, बघते. तो आईला हो म्हणत नव्हता आणि मला पण नाही. एके दिवशी जेवताना मी चिडलोच. म्हटलं, एकदा काय ते ठरव, माझं घर म्हणजे काय एसटी स्टँड आहे का?

त्यानं घास खाली ठेवला. "हे बघ गड्या. नोकरीत लय वर्सं गप बसलो. आता घरात बी गपच बसायचं आसंल, तर माझं गाव काय वाईट हाय? तितं मेंढरं तरी हायत."

"म्हणजे?"

"म्हंजी कुठंतरी चार दिस जाऊ. मामेभाऊ न्हाई, मित्र न्हाई, काय न्हाई. जे हाय ते सांगून ऱ्हाऊ. जमलं तर मी हितं कायमचा. न्हाई जमलं तर मी जातो माणला, आन तू येत जा कवातरी."

मी लगेच गोवा म्हणालो. आम्ही तिथं आधी जाऊन आलो होतो. समुद्रालगतची ती जागा चांगली होती, आमच्यासारखे बरेच होते, कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. त्यानं मान हलवली. "तितं कोण आपल्याला कुठलं म्हणून इचारतंय? न इचारणाऱ्याला खरं सांगण्यात कसली मर्दुमकी? आपल्या माणसांत जाऊ."

आपल्या माणसांत. म्हणजे जिथं दारात पाऊल टाकायच्या आत तुमचं गाव, आडनाव आणि आजोळ विचारतात, तिथं. मी म्हटलं, ठीक आहे. मी गिऱ्हाईक पटवणारा माणूस आहे, चार दिवसांची एक खोली मला पटवता येणार नाही का?

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळेत मी फोन लावायला बसलो. वाक्य तयार केलं होतं: आम्ही दोघं पुरुष, एकमेकांचे जोडीदार, एक खोली, एक पलंग. महाबळेश्वरच्या एका मोठ्या हॉटेलनं विचारलं, बिल कोणत्या फर्मच्या नावानं करायचं? दुसऱ्यानं सांगितलं, बॅचलर पार्टीला आम्ही परवानगी देत नाही. मी म्हटलं, अहो, मी साडेनवाला झोपणारा माणूस आहे, कसली पार्टी? तिसरा म्हणाला, हे कायद्यात बसतं का? मी त्याला कोर्टानं काढून टाकलेल्या कलमाबद्दल सांगितलं, तर म्हणाला, मालकांना विचारून कळवतो. मालक अजून कळवतायत. चौथा म्हणाला, "साहेब, आमचं फॅमिली हॉटेल आहे." मी म्हटलं, "आम्ही पण फॅमिलीच." त्यानं फोन कापला. मी पुन्हा लावला आणि त्याच्या सगळ्या गाद्यांत ढेकणं होवोत असा आशीर्वाद दिला. समोर पाइपांचे कनेक्टर बघत बसलेले एक शेतकरी काका घाबरून उठले.

पाचगणीजवळच्या एका जागेनं इंटरनेटवरच्या आपल्या पानावर आमच्यासारख्यांचा इंद्रधनुष्याचा झेंडाच लावला होता. चालवणारी मंडळी शहरातली, फार गोड बोलणारी. तुम्ही किती धाडसी आहात, असं तीनदा म्हणाली. मग म्हणाली, तुमचा दोघांचा फोटो आमच्या भिंतीवर लावू, ग्रामीण भागातली जोडी म्हणून फार छान वाटेल. मला सुट्टीवर जायचं होतं, प्रदर्शनात नाही. मी नमस्कार करून फोन ठेवला.

त्याच भागातल्या एका खेड्यात स्ट्रॉबेरीचं रान आणि दोन-तीन खोल्या असलेल्या बाईंचा नंबर मला माझ्याच एका गिऱ्हाइकाकडून मिळाला होता. फोन उचलला तेव्हा मागं कुकरची शिट्टी होत होती. मी माझं वाक्य म्हटलं.

"दोघं बाप्येच न्हवं?"

"होय."

"आन ऱ्हाता ते नवरा-बायकूवानी?"

"होय."

"बरं. मग एकच पलंग लावते. मटण खाता का? सोमवारी मिळायचं न्हाई, आदी सांगते."

मी फोन ठेवला आणि दुकानातल्या दुकानात मोठ्यांदा म्हणालो, "बास. ठरलं."

थंडीचे दिवस होते. कराड, सातारा मागं टाकून आम्ही वाईला मिसळ खाल्ली आणि पसरणीचा घाट चढायला लागलो. त्यानं कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. घाटात तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं देवाचं काहीतरी म्हणतोय. नंतर कळलं, सांगायचं कसं याची तालीम चालली होती.

घर रस्त्याच्या खालच्या अंगाला होतं. पुढं रान, काळ्या कागदाखालून ठिबकाच्या नळ्या गेलेल्या, त्या बघून मला एकदम बरं वाटलं. फोनवरच्या बाई लांब रानात तोडणी करणाऱ्या बायकांबरोबर होत्या. ओट्यावर त्यांच्या सासूबाई स्ट्रॉबेरी निवडून डब्यांत भरत बसल्या होत्या. सत्तरीकडं झुकलेल्या, ताठ, बोटं लालभडक झालेली. आम्हाला बघून म्हणाल्या, "या, बसा. घाट लागला न्हाई न्हवं?" पाण्याचे तांबे पुढं सरकवले आणि मग, आपल्याकडं जसं असतं तसं, पाणी प्यायच्या आत विचारलं, "कुठलं पाव्हणं?"

मी म्हटलं, "मी कुंडलचा, राहतो सांगलीला."

"आन तुमी?"

त्यानं त्याच्या गावाचं नाव सांगितलं. सासूबाईंचा हात डब्यात तसाच राहिला. "माणचं? आगं बया! माझं म्हायेर दहिवडीच्या अलीकडं. तुमच्या गावच्या बाजाराला मी लहानपणी चालत जायची!" चेहरा असा उजळला की दहा वर्षांनी लहान दिसायला लागल्या. "लय वर्सांनी म्हायेरचं माणूस आलं गं दारात."

"व्हय मावशी," तो म्हणाला.

"मावशी न्हाई. म्हायेरची पोरं मला आत्या म्हणत्यात. आत्या म्हणायचं." मग माझ्याकडं लाल बोट करून म्हणाल्या, "आन हे कोण तुझं?"

त्यानं पाठ ताठ केली आणि कवायतीत विचारल्यासारखं खणखणीत उत्तर दिलं. "मामेभाऊ!"

मी त्याच्याकडं बघितलं. तो स्ट्रॉबेरीकडं बघत होता. ज्यानं अट घातली, घाटभर तालीम केली, त्याच गड्यानं पहिल्या फटक्याला माती खाल्ली. मला हसू पण येत होतं आणि त्याच्या पाठीत एक गुद्दा घालावा असंही वाटत होतं.

पण खरी गंमत पुढं होती. लॉजवरच्या माणसाला मामेभाऊ पुरतो, कारण त्याला झोप आलेली असते. माहेरवाशिणीला तो पुरत नाही. आत्यांनी त्याचं आडनाव विचारलं. त्यानं सांगितलं.

"म्हंजी मेंढरंवालं तुमी! आरं, तुझ्या आज्ज्याचीच मेंढरं आमच्या रानात बसायला यायची. माझा बा तुमच्याबिगर दुसऱ्याची मेंढरं रानात बसवायचा न्हाई." मेंढरं रात्री रानात बसवली की लेंडीखत आपोआप पडतं, आमच्या दुष्काळी पट्ट्यात त्यावरून घराघरांची पिढ्यांची ओळख असते. मग आत्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"आन हे मामेभाऊ कसं? तुमी धनगर, हे मराठं. ह्यांची पोरगी तुमच्यात दिली कवा? का तुमची कुणी ह्यांच्यात गेली?" बोटांवर मोजत त्यांनी त्याच्या आजीपासून त्याच्या बापाच्या बहिणींपर्यंत सगळ्यांचं माहेर-सासर उलगडलं. एकही कुंडलला पोचेना. "कुणी पळून-बिळून गेली व्हती का रं?"

माझ्या जिभेवर चार उत्तरं तयार होती. मानलेला भाऊ. आजीच्या गावचे. गुरुबंधू. यातलं कुठलंही चाललं असतं. मी सगळी गिळली. अट त्याची होती, आणि ही जागा आता नुसती सुट्टीची राहिली नव्हती. या बाईंचं माहेर त्याच्या घरापासून गाडीनं वीस मिनिटांवर होतं. इथं बोललेलं उद्या त्याच्या ओट्यावर पोचणार. आपल्या माणसांत जायचं म्हणाला होता. इतकी आपली निघतील असं दोघांनाही वाटलं नव्हतं. मी बोललो असतो तर ते माझं उत्तर झालं असतं. तोंड बंद ठेवायला मला फार कष्ट पडतात, पण मी ठेवलं.

त्यानं तांब्या खाली ठेवला.

"खोटं बोललो आत्या. आमचं तसलं नातं न्हाई. आमी दोघं जोडीनं ऱ्हातो. नवरा-बायकू ऱ्हात्यात तसं. लय वर्सं झाली."

"काय?" आत्या म्हणाल्या.

त्याला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. म्हणून त्यानं तेच परत, फौजेतल्या आवाजात, मोठ्यांदा सांगितलं. रानातल्या तोडणीच्या बायकांनी माना वर केल्या.

आत्यांनी पदराला हात पुसले, उठल्या आणि आत गेल्या. आतलं दार लागल्याचा आवाज आला.

सूनबाई पळत आल्या. त्यांचं तोंड उतरलं होतं. "मी आत्यांस्नी सांगितलं न्हवतं. गिऱ्हाइकाच्या खोलीत आपल्याला काय करायचंय, म्हटलं. तुमी चला, खोली झाडून ठेवलीया." त्यांचा नवरा पर्यटकांची गाडी घेऊन कोकणात गेला होता, त्यामुळं घरात या दोघीच. त्या आम्हाला खोलीत सोडून लगबगीनं आत गेल्या.

खोली स्वच्छ होती. एक पलंग, त्यावर जाड गोधडी. तो कडेला टेकला आणि म्हणाला, "जाऊया का माघारी?"

मी उखडलो. "माघारी? आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललास आणि आता पाय लावून पळतोस? फौजेत हेच शिकवलं का? जेवायला मटण आहे, ते खाल्ल्याशिवाय मी हलणार नाही." मटणाचं निमित्त होतं. मला खरं तर त्याला सांगायचं होतं की त्या ओट्यावर तो बोलला तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटला होता. तेही सांगितलं, पण मटणानंतर. त्यानं एकच भाकरी खाल्ली. आत्या बाहेर आल्या नाहीत.

सकाळी धुकं पडलेलं. सवयीनं तो लवकर उठून बाहेर गेला. मी गोधडीतूनच खिडकीतून बघत होतो. आत्या ओट्यावर बसल्या होत्या. तो चार हात लांब उभा राहून म्हणाला, "मावशी, चहा मिळंल का?"

"काल काय सांगितलं?" आत्या खेकसल्या. "आत्या म्हणायचं."

मी गोधडी तोंडावर ओढून घेतली. नंतर पुन्हा काढली, कारण ऐकायचं होतं.

"हे बघ," आत्या म्हणत होत्या, "मला काय हे पटल्यालं न्हाई. आमी असलं कवा बघितलं न्हाई. पर त्याच्यापरीस जास्त राग तुझ्या मामेभावाचा आला. नात्यात खोटं सांगतोस व्हय रं? रातभर माझा डोळ्याला डोळा लागला न्हाई, तुमच्यातल्या चांगल्या लेकीबाळींवर मी पळून गेल्याचा आळ घेतला म्हणून."

"चुकलो आत्या."

"तुझ्या आयला ठावं हाय?"

"न्हाई."

"मग ऐक. मी जत्रंला म्हायेरी जाणार हाय. तितं कुणी इचारलं तर मी लबाड बोलायची न्हाई. माझ्या पोटात काय ऱ्हात बी न्हाई. सांगून ठिवते."

"बरं," तो म्हणाला. तिथून चहाचा कप घेऊन आला आणि माझ्या हातात दिला.

आम्ही राहिलो. चारही दिवस राहिलो. पाचगणीच्या टेबललँडवर गर्दीत भटकलो, घोडेवाल्यांशी हुज्जत घातली, मक्याची भजी खाल्ली. दुपारी आत्या त्याला ओट्यावर बसवून स्ट्रॉबेरी निवडायला लावायच्या आणि माहेरचं एकेक घर विचारत बसायच्या. कोण गेलं, कुणाचं लग्न झालं, कुणाची विहीर आटली. मी शेजारी पेपर वाचत असे. माझ्याशी त्या फारसं बोलत नव्हत्या, पण माझ्या ताटात भाकरी संपायच्या आत दुसरी पडायची. एवढं मला पुरे होतं. आमचं सगळ्यांना पटावं असा माझा कधीच हट्ट नव्हता. ताट वाढावं आणि खोटं बोलायला लावू नये, याला मी पाहुणचार म्हणतो. फोन करणाऱ्या पोरांनाही आता हेच सांगतो. झेंडा बघू नका, काय विचारतात ते बघा, आणि खरं उत्तर दिल्यावर ताट येतं का ते बघा.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या एक बाई विरजण मागायला आल्या. आम्हाला बघून विचारलं, कोण हो हे?

आत्या निवडता निवडता म्हणाल्या, "हा माझ्या म्हायेरचा. आन हे त्याच्या घरचं."

शेजारीण "बरं बरं" म्हणाली आणि विरजण घेऊन गेली. तिला काय कळलं कुणास ठाऊक. मला कळलं. माझ्या हातातला पेपर पुढची दहा मिनिटं उलटा होता असं तो अजून सांगतो. ते खरं नाही, पण मी एक ओळही वाचली नव्हती हे खरं. मला इतका आनंद झाला होता की उठून रानात एक चक्कर मारावी लागली.

निघायच्या सकाळी आत्यांनी आम्हाला ओट्यावर पाट मांडून बसवलं. ताटात कुंकू, नारळ, एक टॉवेल-टोपी. माहेरचं माणूस रिकामं जाऊ द्यायचं नाही. त्यांनी ताट उचललं आणि थांबल्या. नेहमीच्या जोडीला सोपं असतं: बाप्याला टॉवेल-टोपी, बाईची नारळानं ओटी. आत्या एकदा त्याच्याकडं बघायच्या, एकदा माझ्याकडं.

"तुमच्यात काय पद्धत असती?" त्यांनी विचारलं. एखाद्या दुसऱ्या भावकीला विचारावं तसं, सरळ.

"आमच्यात अजून पद्धत पडायची आहे, आत्या," मी म्हटलं.

"पडंल तवा पडंल. मला आत्ता निघायच्या येळंला काय करू ते सांगा की."

त्यांनी जरा विचार केला आणि सुनेला हाक मारली, "आगं, तुझ्या नवऱ्याची ती कोरी टोपी आन एक टॉवेल आण." दोघांना कुंकू लावलं, दोघांना टॉवेल-टोपी दिली आणि नारळ आमच्या चारी हातांत मिळून ठेवला. "एकट्यानं फोडू नका," म्हणाल्या. तो त्यांच्या पाया पडला. मी पण पडलो. मी सहसा कुणाच्या पाया पडत नाही.

सुरूरला आम्ही हायवेला लागलो. टोपी त्याच्या डोक्यावर तशीच होती. काय ठरवलं हे मी विचारणार नव्हतो. चार दिवस झाले होते, अट त्याची होती, निकालही त्यालाच द्यायचा होता. सातारा जवळ आला. कोरेगावकडं, म्हणजे दहिवडीकडं जाणाऱ्या रस्त्याची पाटी दिसली.

"गाडी बाजूला घे," तो म्हणाला.

वाटलं, इथंच उतरणार आणि दहिवडीची एसटी धरणार. मी गाडी बाजूला घेतली. त्यानं खिशातून फोन काढला.

"आत्या जत्रंला जायच्या आदी मीच सांगतो," तो म्हणाला. "आयला दुसऱ्याच्या तोंडनं कळाय नको."

शेजारून ट्रक जात होते, प्रत्येकाबरोबर गाडी हलत होती.

"आये, मी हाय. जेवलीस का?... ऐक. मी आता सांगलीलाच ऱ्हाणार. कायमचा... न्हाई, नोकरी न्हाई... खोली न्हाई घेतली. घर हाय." पलीकडून तिचा बारीक आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. तो माझ्याकडं बघत बोलायला लागला. "कुणाच्या म्हंजी? आमच्या. माझ्या आन त्याच्या. ठिबकवाला, तुझ्या हातचं जेवून गेलाय न्हवं का, त्यो. आये, माझ्यासाठी आता कुणी बघू नको. माझा संसार हाय तितं. लय वर्सांपासनं हाय."

पलीकडचा आवाज बंद झाला. त्यानं फोन कानावरून काढून बघितला. चालू होता. त्यानं तो परत कानाला लावला आणि वाट बघत बसला. बऱ्याच वेळानं ती काहीतरी बोलली. तो "व्हय" म्हणाला. मग पुन्हा "व्हय, आये," म्हणाला आणि फोन मांडीवर ठेवला. डोळे पुसायला त्यानं आत्यांचा नवा टॉवेल घेतला.

मला आता राहवेना. "काय म्हणाली?"

"रडली. म्हणाली, मला तुझ्यासंगं बोलायचंच न्हाई." त्यानं टॉवेलात नाक शिंकरलं. "आन म्हणाली, घरी पोचलास की फोन कर."